नन्नाअप्पांचं हां

गंगासागरबाईंनी वाटीतल्या कोमट तेलात दोन बोटं बुडवली आणि अप्पांचा उजवा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला. आठ महिने त्या रोज सकाळी तो असाच उचलत होत्या, खांद्यापासून बोटांपर्यंत चोळत होत्या आणि परत गादीवर ठेवत होत्या. हाताला त्यातलं काही कळत नव्हतं. आताशा त्यांच्या बोटांनाही फारसं कळेनासं झालं होतं.

समोरच्या खुर्चीत शहादेव बसला होता. शहादेव साहेबांचा माणूस, आणि साहेब म्हणजे जिल्ह्यातल्या मोठ्या पक्षाचे पुढारी. त्यांचं नाव घ्यायची गरज या भागात कुणाला पडत नाही.

"अप्पा," त्यानं आवाज चढवला. अर्धांगवायू झालेल्या माणसाला ऐकूही कमी येतं असा लोकांचा पक्का समज असतो. "शुक्रवारी राज्यसभेचं मतदान हाय. मुंबईला जायचं अन् साहेबांच्या माणसाला मत टाकायचं. मान्य हाय ना?"

"हां," अप्पा म्हणाले.

शहादेवनं मांडीवर थाप मारली.

"योगीराज, आयकलंस का बे? तीस वर्सांत ह्या घरातून साहेबांना मिळालेलं हे पयलं हां हाय!"

योगीराज, अप्पांचा मुलगा, दाराला टेकून उभा होता. तो हसला, आणि हसताना त्यानं आईकडे पाहिलं. गंगासागरबाईंनी मात्र अप्पांकडे पाहिलं होतं. क्षणभरच. मग त्यांनी मान खाली घातली आणि अंगठ्यानं मनगट चोळायला लागल्या.

आमदार विश्वेश्वर अप्पांच्या तोंडून 'हो' काढणं ही गोष्ट या मतदारसंघात आजवर कुणाला जमली नव्हती. लोक त्यांना नन्नाअप्पा म्हणत. समोर कुणी म्हणत नसे, पण अप्पांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. सहा निवडणुका लढले, सहाही अपक्ष. तीन जिंकले, तीन पडले. अपक्षाला दर वेळी नवं चिन्ह मिळतं, त्यामुळे या घराचं पंचांगच चिन्हांवर चालायचं. योगीराजची दहावी पतंगाच्या साली, त्याचं लग्न नारळाच्या. सासूबाई गेल्या त्या कपबशीत. गंगासागरबाईंना कुणी साल विचारलं की त्या आधी चिन्ह आठवत आणि मग बोटं मोजत.

पहिल्यांदा शिट्टीवर निवडून आले त्याच वर्षी अप्पांनी वीजकेंद्राच्या राखेचे उघडे टिप्पर अडवायला परळीच्या रस्त्यात घरची लाकडी खुर्ची टाकली आणि वर्तमानपत्र वाचत बसले. निम्मे टिप्पर त्यांच्याच कार्यकर्त्यांचे होते. पुढच्या निवडणुकीला त्या कार्यकर्त्यांनी त्यांचा पतंग असा काटला की डिपॉझिटच तेवढं वाचलं. मग छत्रीच्या साली परत आले, आणि माजलगावच्या कालव्याचं पाणी शेवटच्या गावांना मिळावं म्हणून, ज्या सरकारला पाठिंबा दिला होता त्याच्याच विरोधात मत देऊन मोकळे झाले. बरं, ती गावं त्यांच्या मतदारसंघात तरी असावीत! तीही नव्हती. आमदारांच्या भत्त्याचं विधेयक आलं तेव्हा सगळं सभागृह 'होय' म्हणत असताना एकट्या अप्पांचं 'नाही' घुमलं. मंत्रिपदाचा लाल दिवा दोनदा दारात येऊन परत गेला. का म्हणून विचारलं तर सांगत, "ज्याला न्हाई म्हणता येत न्हाई, त्याच्या हो ला बाजारात भाव न्हाई."

शिलाई मशीनवर तिसऱ्यांदा निवडून आल्याला वर्षही झालं नव्हतं, आणि एका सकाळी पूजेला बसल्या जागी अप्पा उजवीकडे कलंडले. अंबाजोगाई, मग लातूर. तिथून आणलं तेव्हा उजवं अंग गेलेलं होतं आणि वाचाही गेली होती. सगळे शब्द वाहून गेले आणि मागं एकच राहिला. तोही नेमका 'हां'.

भूक लागली का? हां. दुखतं का? हां. हा कोण, ओळखलं का? हां. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा शब्द अडकून राहतो, त्यात अर्थ शोधू नका. लोकांनी मात्र अर्थ पटापट शोधला. शिफारशी, रस्त्यांची कामं, कुणाची बदली, कुणाचा ठराव. योगीराज कागद समोर धरी, "अप्पा, करू का?" विचारी, अप्पा "हां" म्हणत, आणि कागद पुढे जाई. आठ महिन्यांत या घरातून जेवढी कामं झाली तेवढी तीस वर्षांत झाली नव्हती. माणसं म्हणत, अप्पा आता सुधारले.

गंगासागरबाईंना खरं काय ते दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं. त्यांनी चहा विचारला. अप्पांनी डोळे मिटले, "हां" म्हणाले आणि चहा प्याले. दुसऱ्या दिवशी दूध विचारलं. अप्पा "हां" म्हणाले, पण डोळे टक्क उघडे, पापणी हलली नाही आणि पेला तोंडाशी नेला तरी ओठ उघडले नाहीत. दुधाचा त्यांना लहानपणापासून तिटकारा. मग बाईंनी चार दिवस हे ना ते विचारून पाहिलं. पंखा, उशी, रेडिओ, बेलाच्या झाडाखालची खुर्ची. एकदाही चूक झाली नाही. डोळे मिटले तर हो. उघडे तर न्हाई.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आधी कुणी विचारलं नाही म्हणून, आणि पुढे, खरं सांगायचं तर, न सांगणंच बरं वाटायला लागलं म्हणून. योगीराज त्रेचाळीस वर्षांचा झाला होता. साहेबांच्या कॉलेजातली नोकरी चालून आली, बाप न्हाई म्हणाला. जिल्हा परिषदेचं तिकीट आलं, बाप न्हाई म्हणाला. त्याच्याबरोबरीची पोरं सभापती झाली, कारखान्याचे संचालक झाली, आणि हा मोंढ्यातल्या आडत दुकानात बसून आमदाराचा पोरगा म्हणवून घेत राहिला. पोराच्या ताटात एकदा तरी काही पडू दे, असं आईला वाटलं तर त्यात तिचं काय चुकलं? त्या मूग गिळून बसल्या. रोज थोडंथोडं गिळत गेल्या, आणि मग त्याचीही सवय झाली.

आता शहादेवच्या प्रश्नावर 'हां' म्हणताना अप्पांचे डोळे टक्क उघडे होते.

"आजारी मतदाराला सोबती नेता येतो," शहादेव योगीराजला समजावत होता. "तू आत जाशील. त्यांचा जांभळा पेन असतो, त्यानंच लिहायचं. आपल्या माणसापुढं एक आकडा काढायचा, घडी घालायची, पेटीत टाकायची. अन् बाहेर कुणाला दाखवायचं न्हाई, ध्यान ठेव. पक्षाचा आमदार असला तर त्यानं आपल्या पक्षाच्या माणसाला दाखवलंच पायजे. अपक्षानं मात्र कुणालाच न्हाई. दाखवलं की मत बाद."

"ठाव हाय. अप्पाच सांगायचे."

"मग झालं. पुढच्या विधानसभेला तुजं तिकीट पक्कं. साहेबांचा शब्द हाय." शहादेव उठला, अप्पांना हात जोडले आणि बाईंकडे वळला. "काकू, तुमी कावून गप? तोंड गोड करा की आता."

"करते," बाई म्हणाल्या, आणि तेलाचे हात पदराला न पुसताच साखर आणायला आत गेल्या.

गुरुवारी सकाळी रुग्णवाहिका दारात लागली. बंकट, अप्पांचा शिट्टीच्या सालापासूनचा ड्रायव्हर, तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून आला. अप्पांची गाडी दुसऱ्या कुणी चालवावी हे त्याला सोसत नव्हतं.

"आमदाराला ह्या गाडीतून नेतात का काकू? लोक काय म्हणतील?"

"तू संगं जा," त्या म्हणाल्या. "पुढं बस."

निघण्याआधी पूजा झाली. लिंगायताची पूजा तळहातावर होते. डावा तळहात म्हणजेच देव्हारा. इष्टलिंग डाव्या हातावर घ्यायचं आणि उजव्यानं पाणी, भस्म, बेल वाहायचा. अप्पांचा डावा हात शाबूत होता, उजवा बाईंनी आपला दिला होता. आठ महिने दोघांत मिळून एक पूजा होत होती. पूजेला तेवढे ते दोघंच खोलीत असत.

त्यांनी बेलाचं पान ठेवलं आणि हळू विचारलं,

"जायचं का मुंबईला?"

त्यांना वाटलं होतं, डोळे उघडे राहतील. तसे ते राहिले असते तर आपण काय केलं असतं, हे त्यांना सांगता आलं नसतं. बहुतेक काहीच केलं नसतं.

अप्पांनी डोळे मिटले.

"हां."

बाईंचा हात थांबला. "जायचंय? तुमाला जायचंय?"

"हां." डोळे पुन्हा मिटले, घट्ट, लहान मूल मिटतं तसे.

मग बाईंनी त्यांना पांढरा शर्ट घातला, उजवी बाही आधी आणि डावी मागून, भस्माची तीन बोटं कपाळावर ओढली, आणि चार माणसांनी उचलून त्यांना गाडीत ठेवलं. गाडी गेली. बाई घरात आल्या, गादीवरची चादर काढली, झटकली, परत घातली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच ती गादी रिकामी होती. रडू येईल असं त्यांना वाटलं. आलं नाही. त्यांनी तूर निवडायला घेतली.

शुक्रवारी दुपारी शेजारपाजारची माणसं टीव्हीसमोर जमली होती. अप्पा चाकाच्या खुर्चीत दिसले तेव्हा कुणीतरी "आले, आले" म्हणालं. योगीराज खुर्ची ढकलत होता. नवी पँट, कडक इस्त्री, कपाळाला भस्म. ते दारातून आत गेले आणि टीव्हीवर जाहिरात लागली.

पाऊण तासानं खालच्या लाल पट्टीवर अक्षरं सरकली. अपक्ष आमदार विश्वेश्वर अप्पा यांचं मत बाद. मतपत्रिका उघड दाखवल्याचा आक्षेप.

मग एक जण चप्पल शोधायला लागला, त्याच्यामागे दुसरा. पाच मिनिटांत बाई एकट्याच उरल्या. फोन वाजला. शहादेव होता.

"काकू, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! साहेबांचा माणूस पडतो आता. काय केलं हो हे अप्पांनी?"

"मला काय ठाव," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

टीव्ही बंद करून त्या ओट्याशी गेल्या. भाकरीचं पीठ घेतलं आणि मळता मळता थांबल्या. छत्रीच्या सालातलं एक जेवण त्यांना आठवलं. अप्पा मुंबईहून आले होते आणि घास हातात धरून हसत होते. दुसऱ्या एका अपक्ष आमदारानं उत्साहाच्या भरात आपली मतपत्रिका कुणाला तरी दाखवली, अप्पांनी जागच्या जागी हरकत घेतली आणि त्याचं मत बाद झालं. "पक्षवाल्यानं न्हाई दाखवलं तर मत मेलं," ते म्हणाले होते, "अन् आमी दाखवलं तर मेलं. कायद्यानं आमची लाज झाकायची तेवढी सोय केली हाय." योगीराज तेव्हा पानावर होता. त्यानंच विचारलं होतं, "अन् एखाद्याला मतच द्यायचं नसंल तर?" त्यावर अप्पा काय म्हणाले ते बाईंना आठवेना. पुढची भाकरी वाढायला त्या बहुधा उठल्या असाव्यात.

शनिवारी दुपारी गाडी परत आली. अप्पांना गादीवर ठेवलं, आणि बाईंनी काही न विचारता तेलाची वाटी चुलीशी ठेवली. बंकट ओसरीवर पाणी प्यायला आणि तिथंच भिंतीला टेकून बसला. योगीराजच्या शर्टाची इस्त्री मोडली होती. दोन दिवसांत तो बापासारखा दिसायला लागला होता.

"एक लिहिलं त्यांनी, आई," तो म्हणाला. "मी पेन धरायला गेलो तर माजा हात ढकलला. डाव्या हातानं सोताच लिहिलं. अन् साहेबांच्याच माणसापुढं लिहिलं, मी डोळ्यानं पायलं. मला वाटलं, जमलं. मी घडी घालायला हात पुढं केला, तवर त्यांनी कागद वर केला. असा." त्यानं हात डोक्याच्या वर नेला. "सगळ्यांना दिसंल असा. समोरची माणसं उठून उभी राह्यली. मी खाली घ्यायला गेलो तर सोडंनात."

बाईंनी अप्पांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"आजारपणात झालं. आनंदात झालं. बघा, मी शब्द पाळला, असं दाखवायला गेले आसतील. व्हय ना?" त्याला उत्तर नको होतं. "साहेबांना मी तेच सांगितलं. ते म्हणले, चुकून झालं आसंल तर माणूस समजून घेतो. तिकिटाचं तसंच राहील. पण त्यांच्या तोंडून ऐकतो म्हणले. तीनला फोन करणारेत."

तीन वाजायला दहा मिनिटं होती. बाईंनी कोमट तेल आणलं, खाली बसल्या आणि उजवा हात मांडीवर घेतला. अप्पा छताकडे पाहत होते. प्रवासानं तोंड सुकलं होतं, पण कपाळावरचं भस्म कुणीतरी पुन्हा लावलेलं दिसत होतं. ओबडधोबड बोटं होती. बंकटनं लावलं असावं.

फोन आला. योगीराजनं तो स्पीकरवर टाकला आणि अप्पांच्या उशीशी धरला. पलीकडून साहेबांचा जाडा, शांत आवाज आला.

"अप्पा, नमस्कार. तब्येत जपा. एवढंच इचारतो, कालचं चुकून झालं ना?"

"हां," अप्पा म्हणाले.

योगीराजनं श्वास सोडला. "ऐकलं ना साहेब?"

अप्पा आता छताकडे पाहत नव्हते. ते बायकोकडे पाहत होते. डोळे टक्क उघडे, पापणी न लवता. बाईंना ते डोळे चुकवता आले असते. आठ महिने चुकवलेच होते. त्यात नवं काही नव्हतं. त्यांनी हाताकडे पाहिलं. तेल कोपरापर्यंत आलं होतं. पोराकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काल उडालेला रंग परत आला होता. पुष्कळ दिवसांनी त्यांच्या बोटांना अप्पांचा हात जाणवला.

"योगीराज," त्या म्हणाल्या, "न्हाई म्हणाले ते."

"काय?"

"चुकून न्हाई झालं. न्हाई म्हणाले ते."

"आई, हां म्हणले. तू ऐकलंस की!"

"तोंडाकडं नको बघू. त्यांच्या तोंडात दुसरा शब्दच न्हाई." त्या अप्पांकडे वळल्या. "मुद्दाम दाखवलं ना तुमी? ते मत मरावं म्हणून?"

अप्पांनी डोळे मिटले. मिटलेल्या पापण्यांतून दोन्हीकडे पाणी आलं.

"हां."

फोनमध्ये कुणीतरी खाकरलं. मग साहेब म्हणाले, "बरं," आणि फोन बंद झाला.

ओसरीवर बंकटनं तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. योगीराज फोन हातात धरून तसाच उभा होता. त्यानं एकदा आईकडे पाहिलं, एकदा कोपऱ्यातल्या टेबलाकडे, जिथं आठ महिन्यांचे कागद रचलेले होते.

"डोळे मिटले तर हो," बाई म्हणाल्या. "उघडे राह्यले तर न्हाई. मला ठाव होतं. पयल्यापून."

"मग तू..."

"न्हाई सांगितलं. तुज्यासाठी न्हाई सांगितलं."

तो ओरडेल असं त्यांना वाटलं. आपण त्याच्या जागी असतो तर ओरडलोच असतो. तो गादीजवळ खाली बसला, बापाच्या उजव्या अंगाला. इतक्या जवळ तो लहानपणानंतर बसला नव्हता. त्यानं नाक ओढून विचारलं,

"अप्पा, माज्यावर राग हाय?"

"हां," अप्पा म्हणाले.

योगीराजनं अर्थासाठी आईकडे पाहिलं नाही. तो पुढे वाकला आणि त्यानं स्वतःच पाहिलं.

अप्पांचे डोळे टक्क उघडे होते.